मेणबत्ती चालेल का?

मित्रांनो, सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी, मी वर्षानुवर्षं उभी आहे. मी नियमांची जुनी पाटी. लोकांना वाटतं, मला सगळं ठाऊक असतं. खरं सांगू? माझ्या अंगावर जे लिहिलंय, त्यातलं निम्मं मलाच कळत नाही.

बुधवार पेठेतल्या एका पेंटरने मला पत्र्यातून कापलं, पिवळा रंग दिला आणि एकच ओळ लिहिली, 'चपला बाहेर काढाव्यात.' किती सुटसुटीत आयुष्य होतं! मग लग्नं होऊ लागली. एक नवरदेव घोडीसकट थेट पंगतीत शिरला. लगेच माझ्यावर ओळ आली, 'घोडी दाराशी थांबेल. नवरदेवाने एकट्याने आत यावे.' अशी प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी फजिती आहे. फजिती लोक विसरले, ओळ तेवढी राहिली.

माझं कौतुक मात्र फार होतं. लोक हसतात, मला खेटून फोटो काढतात, पण वाचतात वरच्याच दोन ओळी. याला कौतुक म्हणावं की दुर्लक्ष, हेही मला उमगत नाही.

दीक्षा अशीच आली, होणाऱ्या नवऱ्याला, प्रज्ञेशला घेऊन. घोडीची ओळ वाचून तिला हसू आवरेना. "प्रज्ञेश, एकट्याने आत यायचं हं!" तिने माझा फोटो स्टेटसला टाकला आणि आत जाऊन हॉल बुक केला.

लग्न आठवड्यावर आलं, पत्रिका वाटून झाल्या, तेव्हा दीक्षाची आई, हिराताई, लेकीबरोबर स्टेज बघायला आल्या. त्यांनी चष्मा लावला आणि मला वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून! इतकं कोणी वाचायची सवय नाही हो मला, अवघडल्यासारखं झालं. खालून दुसऱ्या ओळीवर त्या थांबल्या. 'सभागृहात कोणत्याही प्रकारची ज्वाला पेटवू नये.'

"अगं दीक्षा, हे वाचलंस का तू?"

दीक्षाने नकारार्थी मान हलवली.

व्यवस्थापक शरच्चंद्र बाहेर आले. हिराताईंनी विचारलं, "अहो, मेणबत्ती चालेल ना?"

"पाटी वाचलीत ना आपण?"

"वाचली म्हणूनच विचारतेय. तुमच्याकडे होम होतात की!"

"होम मागच्या अंगणात. सभागृहात नाही. मेणबत्तीही अंगणात लावा."

"आणि तथागतांची, बाबासाहेबांची प्रतिमाही अंगणात ठेवू? आमचं लग्न तिथूनच सुरू होतं. आधी मेणबत्ती, मग वंदना. विझलेल्या मेणबत्तीपुढे पोरीला उभी करू का?"

मित्रांनो, मी गोंधळून गेले. मेणबत्ती म्हणजे ज्वाला का? असावी. पण माझ्यावर ती ओळ आली, तेव्हा कोणाच्याही डोळ्यांसमोर मेणबत्ती नव्हती. मला बोलता आलं असतं, तरी काय सांगितलं असतं?

हिराताईंनी डोळे पुसले आणि वेगळंच विचारलं. "हा नियम आला कशामुळे?"

शरच्चंद्र चपापले. हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "एका वऱ्हाडाने स्टेजवर भुईनळा लावला. मागचा पडदा पेटला."

"मग पडदा काढा."

"मागच्या भिंतीला ओल आलीय. फोटोत दिसेल."

"दिसू दे," दीक्षा पहिल्यांदाच बोलली. "चूक माझीये, काका. भिंत चालेल मला. मेणबत्ती पाहिजे."

शरच्चंद्रांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मेणबत्ती वाळूच्या परातीत लावायची. आणि मी स्वतः शेजारी उभा राहणार. त्यात वाद नको."

लग्नाच्या दिवशी ते खरंच स्टेजवर उभे राहिले. इस्त्रीचा सदरा आणि हातात पाण्याची बादली. पांढऱ्या कपड्यांतली नवरा-नवरी मेणबत्ती लावत होती आणि हे ज्योतीवरची नजर हटवत नव्हते. दारातून मला सगळं दिसत होतं. एक आजी म्हणाली, "हे बादलीवाले मुलाकडचे का?" दुसरी म्हणाली, "मामा असतील."

वंदना सुरू झाली, तशी शरच्चंद्रांनी बादली हळूच खाली ठेवली आणि हात जोडले.

मित्रांनो, पुढे तुम्हीही कोणाच्या लग्नासाठी हॉल बघायला जाल. माझ्यासारखी एखादी दिसली, तर हसा जरूर, पण पैसे भरण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आपल्या घरचं कार्य कशाशिवाय होत नाही, ते आधी सांगा. आणि एखादी ओळ आडवी आली, तर ती का लिहिली, हे विचारा. आम्हा पाट्यांना ते सांगता येत नाही, माणसांना येतं.

त्या दिवशी माझा नियम मोडला की पाळला गेला, हे मला अजून समजलेलं नाही. पण त्या दिवशी तो खोडून टाकावा असं कोणाला वाटलं नाही, आणि मेणबत्तीही कोणी विझवली नाही.