केशरची काचपेटी

मी एक जुनी काचपेटी आहे. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे आणि झाकणाची जाळी दोनदा बदलून झाली आहे. मित्रांनो, माझ्यात मासे कधी राहिले नाहीत. माझ्यात एक सापीण राहत होती. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

मस्कतच्या रुवी भागात, काचेच्या एका दुकानात जाफर नावाच्या कारागिराने मला घडवले. माप घेऊन आलेल्या बाईंना त्याने विचारले, "मछली के लिए?"

"नहीं, साँप के लिए," त्या म्हणाल्या.

जाफरने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि झाकणाला दोन कड्या जास्त लावून दिल्या.

त्या बाई म्हणजे विशाखा. मूळच्या पुण्याच्या. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये त्या रक्त तपासत. त्यांचे यजमान धनंजय रुसैलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दार्सैतच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघेच राहत. देश सोडून निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी आपली पाळलेली छोटी सापीण विशाखाला दिली होती. ती कॉर्न स्नेक जातीची, अगदी बिनविषारी. तिच्या अंगावरच्या नारिंगी ठिपक्यांवरून विशाखाने तिचे नाव ठेवले केशर.

ते माझे सुखाचे दिवस होते. बेडरूमच्या भिंतीशी माझी जागा होती. आत लाकडाचा भुसा, पाण्याचे भांडे आणि लपायला उलटी घातलेली कुंडी. शेजारची मंडळी आधी दारातूनच बघायची. हळूहळू त्यांची मुले माझ्या काचेला नाक लावून बसू लागली. धनंजयला सुरुवातीला किळस वाटे. पण वर्षभरात तोच कामावरून आला की बूट काढायच्या आधी केशरला बघून जाऊ लागला.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात त्याच्या कारखान्यातल्या रमणची बदली झाली. रमणकडे त्याच जातीचा एक नर होता, राजा. त्याला धनंजय घरी घेऊन आला. विशाखा हरखली. केशरला पिल्ले व्हावीत असे तिच्या मनात होतेच. पण तिने राजाला प्लास्टिकच्या खोक्यात घालून हॉलमध्ये ठेवले. त्याला हात लावला की ती साबणाने हात धुई आणि मगच माझ्याकडे येई.

तेवढ्यात चिपळूणहून बहिणीच्या बाळंतपणाचे बोलावणे आले. बॅग भरता भरता ती म्हणाली, "मी येईपर्यंत दोघांना एकत्र करायचं नाही हं."

"नाही करत गं," धनंजय म्हणाला.

आणि त्याने ते पाळलेही. पण जून महिन्यात हॉलचा एसी बंद पडला. मस्कतचा जून म्हणजे भिंतीसुद्धा तापतात. दुरुस्तीवाला रोज फोनवर "कल, इन्शाल्ला" म्हणायचा. खोक्यात राजा निपचित पडून राहू लागला. धनंजयचा जीव कासावीस झाला. बेडरूममध्ये गारवा होता. त्याने राजाला उचलले आणि माझे झाकण उघडून केशरशेजारी सोडले.

राजाला खोक्यासकट आणून ठेवला असता तरी गारवा मिळाला असता. हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले नाही.

दोघे भांडले नाहीत. राजा केशरच्या पाठीवरून सरकत राहिला, मग त्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंतल्या. धनंजय लग्नघरातल्या माणसासारखा खुशीत होता. विशाखाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "मजेत आहेत दोघं." तिकडे बाळ रडत होते. त्या गडबडीत तिने पुढे काही विचारले नाही.

काही आठवड्यांनी मला दिसू लागले की राजाच्या नाकपुडीशी बुडबुडा येतो. मग केशरही तोंड किंचित उघडे ठेवून, मान वर करून श्वास घेऊ लागली. धनंजयला वाटले, ती त्याच्याकडे बघते आहे.

विशाखा परतली ती सरळ माझ्यापाशी आली. केशरचे उघडे तोंड तिने पाहिले. मग म्हणाली, "टॅक्सी बोलाव."

प्राण्यांच्या डॉक्टर रशीदा यांनी दोघांना तपासले. घरी आल्यावर विशाखाने मला पुसता पुसता ते सगळे धनंजयला सांगितले. राजाच्या छातीत जुना आजार होता. वरून दिसत नव्हता, पण केशरला लागला. आणि केशरच्या पोटात अंडी होती. तिचे वय लहान, अंगात बळ कमी, त्यात आजार. पुढच्या काही दिवसांत राजा औषधाने सावरला. केशर अंडी न घालताच गेली.

त्या दिवशी धनंजय माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. "उकाड्यानं मरेल वाटलं मला तो," एवढेच तो म्हणाला. विशाखा उठली. तिने मला औषधाच्या पाण्याने धुतले आणि बाल्कनीत ठेवून दिले. चार वर्षे माझ्यावर धूळ साचत राहिली. त्या घरात केशरचे नाव पुन्हा कोणी घेतले नाही. राजा म्हातारा होऊन गेला.

ती दोघे पुण्याला परतायला निघाली तेव्हा मला न्यायला पूर्वा नावाची मुलगी आली. ती नोकरीला नुकतीच लागली होती. तिच्याकडे एक मादी होती आणि नवा नर त्याच दिवशी आणलेला. "आज रात्रीच एकत्र ठेवते दोघांना," ती आनंदाने म्हणाली.

धनंजयने तिला खुर्ची दिली. "बस जरा," तो म्हणाला, आणि मग काही न लपवता त्याने सगळे सांगितले. नव्या सापाला तीन महिने तरी वेगळ्या खोलीत ठेव. डॉक्टरांना दाखव. मादी पुरेशी मोठी आणि अंगाने भरलेली असू दे. खाणे वेगवेगळे दे, ते पचले की मग भेट घडव, आणि तिथून हलू नकोस. शेवटी तो म्हणाला, "माझ्यामुळे आमची केशर गेली."

विशाखा दारात भांडी बांधत होती. तिचे हात थांबले.

"एकट्या तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "मला सगळं ठाऊक होतं. तुला मी नुसतं 'करायचं नाही' म्हटलं. का ते सांगितलंच नाही."

धनंजयने तिच्याकडे पाहिले. मग तो तिच्याजवळ जाऊन भांडी बांधू लागला. पूर्वा हळूच उठली आणि मला उचलून जिना उतरली.

मित्रांनो, आता माझ्यात पूर्वाची मादी एकटीच राहते. नर पलीकडच्या खोलीत आहे. पूर्वा दोघांचे श्वास रोज निरखते. मुका जीव घरी आणाल तेव्हा त्याच्याबद्दल जे कळले असेल ते घरातल्या सगळ्यांना सांगा, कारणासकट सांगा. सगळे दिसत असूनही मला कोणाला काही सांगता आले नाही. तुम्हाला बोलता येते.