अस्वलाच्या आत

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वसाहतीतल्या लोकांना एकमेकांबद्दल अचानक प्रेम वाटू लागायचं. एरवी जिन्यात समोरासमोर आले तर मोबाइलमध्ये तोंड खुपसणारे लोक सभागृहात येऊन गळ्यात गळे घालायचे आणि वर्षाचं प्रेम एका आठवड्यात उरकून टाकायचे. उद्घाटन, मुलांच्या शर्यती, रक्तदान, ज्येष्ठांचा सत्कार, खाऊचे स्टॉल आणि शेवटी समारोपाचं जेवण. माणसांना मिठी मारायचा संकोच वाटला, तर अस्वल होतंच.

अस्वल म्हणजे समितीच्या मालकीचा पोशाख. तपकिरी, केसाळ, पोट सुटलेला, तोंडावर कायमचं हसू. डोकं वेगळं, अंग वेगळं. आणल्यापासून तो एकदाही धुतलेला नव्हता. धुतला तर केस गळतील अशी कुणीतरी शंका काढली होती आणि त्यावर समितीचं एकमत झालं होतं. समितीच्या इतिहासातलं ते एकमेव एकमत. आजवर त्या पोशाखात वसाहतीचा पहारेकरी, व्यायामशाळेतला एक जण आणि कुणाचे तरी तीन जावई घाम गाळून गेले होते. जाताना प्रत्येकाने आपला थोडा थोडा अंश आत ठेवला होता.

यंदा अस्वल होणार होती धाकटी. वय बावीस, शिक्षण पूर्ण, नोकरी शोधणं चालू, म्हणजे वसाहतीच्या भाषेत रिकामी.

ती स्वतःहून तयार झाली नव्हती. सभागृहाच्या बाजूच्या लहान खोलीत तिची आई शिवणवर्ग चालवायची. चार मशीन, एक टेबल, भिंतीला आरसा. वडील गेल्यापासून घर त्याच खोलीवर चाललं होतं. नव्या वर्षात ती खोली कुणाला द्यायची, हे समारोपाच्या दिवशी जाहीर होणार होतं. आई विचारायला गेली तेव्हा अध्यक्षांनी चष्मा पुसत म्हटलं होतं, "वहिनी, खोलीचं बघू हो. पण जरा सहकार्य पाहिजे. धाकटी काय करते सध्या?"

घरी येऊन आईने निरोप दिला. धाकटी म्हणाली, "आई, माणसाने किती खाली उतरावं याला काही मर्यादा?"

"तुला खाली कुठे उतरायचंय? आत शिरायचंय."

पहिल्या दिवशी ती आत शिरली आणि नाकाने राजीनामा दिला. ओल्या कुत्र्याला बंद डब्यात ठेवून वर जुने मोजे रचावेत, तसा काहीसा तो वास होता. वास म्हणण्यापेक्षा ते एक माणूसच होतं. आधीपासून आत राहत होतं आणि आता तिला सरकून बसायला सांगत होतं.

नियम दोनच. अस्वलाने बोलायचं नाही, आणि लोकांसमोर डोकं काढायचं नाही. "मुलांचा विश्वास असतो गं," अध्यक्ष म्हणाले. ते असं म्हणाले तेव्हा बटाटेवडा संपवून आले होते. त्यांनी अस्वलाला प्रेमाने जवळ घेतलं, पाठीवरून दोन्ही हात खालपर्यंत फिरवले आणि फोटो काढून घेतला. हात स्वच्छ झाले. अध्यक्षांचं प्रेम पुढेही नेहमी खाऊन झाल्यावरच उफाळून यायचं.

शर्यतींच्या दिवशी हरलेली मुलं अस्वलाच्या पोटात तोंड खुपसून रडली आणि जिंकलेल्यांनी त्याला लाथा घातल्या. रक्तदानाच्या दिवशी चक्कर येणाऱ्यांना अस्वलाच्या मांडीवर टेकवायची टूम निघाली. त्यातल्या एका धिप्पाड गृहस्थांनी डोळे उघडले, अस्वल पाहिलं आणि सकाळचा सगळा नाश्ता त्याच्या गुडघ्यावर परत केला. नर्स म्हणाली, "बरं झालं, सतरंजी वाचली." अस्वलाला बोलायला बंदी होती, म्हणून अस्वलाने मान डोलावली.

खाऊच्या दिवशी तर कहर झाला. अस्वलाच्या तोंडावर काळी जाळी होती. धाकटी त्यातूनच बघायची आणि त्यातूनच श्वास घ्यायची. जाळी एका कोपऱ्यात फाटली होती. कुणीतरी तिथून केळ्याचा तुकडा आत सारला, अस्वलाने खाल्ला असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग रांग लागली. केक आला, अर्धी चकली आली, कुणीतरी चमच्याने आइस्क्रीम भरवलं. निवृत्त हेडमास्तरांनी उकडलेलं अंडं सोलून, वर मीठ घालून आत सोडलं आणि म्हणाले, "प्रोटीन पण पाहिजे." ते अंडं अस्वलाच्या हनुवटीत अडकलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्यासोबत कार्यक्रम बघत बसलं.

घरी आल्यावर तिने दोनदा अंघोळ केली. जेवण समोर आलं तशी ती उठून गेली. आई अंगणात अस्वल मांडीवर घेऊन त्याची बगल शिवत होती. नाकाला कपड्यांचा चिमटा लावला होता, त्यामुळे तिचा आवाज अध्यक्षांसारखा गेंगाणा येत होता.

"उद्याचा एक दिवस. खोली आपल्याला मिळाली की विसरून जाशील सगळं."

"आई, वास विसरतो का कुणी?"

"तुझ्या बाबांच्या बुटांचा मी विसरले की."

समारोपाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या बाजूला जेवणाची टेबलं मांडली होती, झाकणांखालून वाफा येत होत्या आणि लोक भाषणांकडे कान आणि झाकणांकडे नाक लावून बसले होते. माइक माइकवाल्या मामांकडे होता. मामांच्या हातात एकदा माइक गेला की तो काढायला डॉक्टर लागायचा. त्यांनी अर्धा तास स्वागत केलं, मग स्वागताबद्दल आभार मानले. आई तिसऱ्या रांगेत इस्त्रीची साडी नेसून बसली होती. अस्वल स्टेजवर अध्यक्षांच्या शेजारी उभं होतं.

शेवटी अध्यक्ष उठले. "आता महत्त्वाचं. शेजारच्या खोलीबाबत समितीने खूप विचार केला." आई सरळ बसली. "या आठवड्यात आपल्या सगळ्यांना सर्वांत जास्त आनंद कुणी दिला? अस्वलाने! पण या बिचाऱ्याला स्वतःचं घर नाही. म्हणून नव्या वर्षापासून ती खोली आपण देत आहोत अस्वलाला!"

टाळ्या पडल्या. आईनेही सवयीने दोन वाजवल्या. तिसऱ्या टाळीला तिचे हात हवेतच थांबले.

"आणि शिवणवर्ग?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"वहिनी, वर्ग काय, कुठेही घेता येतो. जिन्यात छान उजेड असतो." अध्यक्षांनी रिबीन बांधलेली किल्ली अस्वलाच्या पंजात ठेवली आणि ओठ न हलवता पुटपुटले, "वाक, कार्टे. फोटो."

अस्वल वाकलं नाही. आतमध्ये धाकटीच्या डोळ्यांपुढे त्या आठवड्यातलं सगळं एकदम तरळलं. एका अस्वलाला खोली मिळवून देण्यासाठी तिने आठवडाभर स्वतःचा उकिरडा करून घेतला होता, आणि ते अस्वल तीच होती. किल्ली तिच्याच हातात होती आणि खोली गेली होती. याहून जास्त घाण काही असू शकतं का, असं तिला वाटलं. मग तिने दोन्ही पंजे वर नेले आणि डोकं काढलं.

"अगं ए! मुलं आहेत!" मामा माइकमधूनच ओरडले.

पण मुलांच्या आधी वास पोचला. आजवर त्या डोक्यात कोंडून राहिलेलं सगळं बाहेर आलं, स्टेजवरून उतरलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलं. पहिली रांग उठली.

"काका," धाकटी म्हणाली. डोक्यात उरलेला कालचा केक केसांना चिकटला होता. "खोली देताय ना याला? मग एकदा हुंगून बघा. खोली आणि जेवणाची टेबलं यांच्यात एकच भिंत आहे."

अध्यक्षांनी हात मागे घेतले. म्हणून तिने डोकं पहिल्या रांगेत दिलं. ते घेणाऱ्या बाईने नाक लावलं, "शी!" केलं आणि शेजारणीला दिलं. शेजारीण म्हणाली, "मला नको बाई," आणि हुंगलं. पुढे मग डोकं रांगेरांगेतून फिरू लागलं. नको नको म्हणत प्रत्येकाने वास घेतला. काहींनी खात्री करायला दोनदा घेतला. एक गृहस्थ तर, "माझ्यापर्यंत का आलं नाही?" म्हणून मागच्या रांगेतून भांडत पुढे आले. हेडमास्तरांनी आत डोकावलं, हनुवटीपाशी काहीतरी पाहिलं आणि डोकं पटकन पुढे सरकवलं.

"हे आमच्या मुलांच्या शेजारी ठेवणार?" कुणीतरी ओरडलं.

"जेवणाच्या भिंतीला लागून?"

"मग आजवर होतं कुठे हे?"

तेव्हा पहिल्या रांगेतून अध्यक्षांच्या सौ. पुढे आल्या. पदराने नाक दाबून म्हणाल्या, "आमच्या गॅलरीत! आणि परत घरी आणायचं नाही हं, सांगून ठेवते. एक तर ते येईल नाही तर मी राहीन."

सभागृहाला सगळं एकदम समजलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "मी आधीपासूनच म्हणत होतो," ते म्हणाले, "की खोली शिवणवर्गाकडेच असावी. समितीने माझं ऐकलं नाही." समितीतले बाकी चौघे एकमेकांकडे बघत राहिले. "तर खोली वर्गाकडेच. अस्वलाचं बाहेरच्या बाहेर बघू. आता जेवून घ्या."

आणि लोक जेवले. हेच धाकटीला सहन झालं नाही. त्याच हातांनी, न धुता, आत्ता जे हुंगलं त्याच नाकांखाली त्यांनी ताटं भरली आणि पुन्हा पुन्हा भरली. अध्यक्ष तर भाजी वाढायला उभे राहिले आणि आईला म्हणाले, "बघा वहिनी, मिळवून दिली की नाही खोली?" आईने, "हो ना," म्हटलं आणि ताट पुढे केलं. धाकटीला तेही पटलं नाही, पण चार मशीन कुणी हवेत चालवत नाही, हे तिला कळत होतं.

ती अजून मानेखाली अस्वलच होती. चेन अडकली होती. एका आजीबाई ताट सांभाळत तिच्याजवळ आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "म्हणजे आत तू होतीस होय?"

"हो आजी."

"अगं, वास मला पहिल्या दिवसापासून येत होता. सगळ्यांनाच येत होता."

"मग कुणी बोललं का नाही?"

आजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आम्हाला वाटलं, आत अध्यक्ष आहेत."

"आजी, अध्यक्ष तर शेजारीच उभे असायचे ना! फोटो काढून घ्यायचे!"

"ते खरं गं," आजी विचार करत म्हणाल्या. "पण वास पदाचा होता." आणि त्या गोड घ्यायला गेल्या.

धाकटी किल्ली घेऊन खोलीकडे निघाली. मागून आई हातात कात्री घेऊन आली. दार उघडल्यावर तिने लेकीला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"आत नको येऊस. इथेच कापते तुला."

आणि तिने मानेपासून पोटापर्यंत कात्री चालवली.