टीव्हीच्या तोंडावरची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. खिडकीची नव्हे, आणि कोपऱ्यात कोळी विणतो तसलीही नव्हे. मित्रांनो, टीव्हीच्या पडद्याखाली बारीक भोकांची एक पट्टी असते, जिच्यामागे स्पीकर बसलेले असतात, ती मी. 'असते' म्हणाले खरी, पण 'असायची' म्हणायला हवं. तुमच्या घरचा नवा टीव्ही जरा बघून या. सापडले का मी कुठे? नाही ना? मला काढून टाकलं. कोणी काढलं आणि कसं काढलं, ते आज सांगणार आहे. गोड आवाजात सांगेन अशी आशा मात्र ठेवू नका. मला राग आलेला आहे.

माझा जन्म एका लांबरुंद पांढऱ्या खोलीत झाला. तिथे टीव्ही बनत नसत. टीव्ही दिसावा कसा, हे तिथे ठरत असे. टेबलांवर पुठ्ठ्याचे टीव्ही उभे, फोमचे टीव्ही आडवे, लाकडाचे टीव्ही भिंतीला टेकलेले. बाहेरून रुबाब, आत काही नाही. त्या मुक्या गर्दीत एका बाईने मला घडवलं. ती तिथली डिझायनर. लहानमोठे सगळे तिला ताई म्हणत, अगदी तिचे साहेबसुद्धा.

ताईने पातळ पत्र्याची पट्टी घेतली आणि तिच्यावर लेसरच्या किरणांनी भोकं पाडून आणली. भोकं मोठी झाली तर मी चहाच्या गाळणीसारखी दिसे. बारीक झाली तर आवाज गुदमरे. ताई पट्टीमागून पट्टी करून बघे. उजेडाकडे धरी, नखाने खरवडे, पलीकडे तळहात ठेवून अलीकडून फुंकर घाली. एकदा तिची फुंकर माझ्यातून अशी सहज निघून गेली, की जणू मी वाटेत नव्हतेच. "हं, आता झालीस," ती म्हणाली. मग मला मंद राखाडी रंग दिला. पाहुणे येत, माझ्यावरून बोट फिरवत, "काय नाजूक काम आहे!" म्हणत. मी फुगून जाई. माझ्या मनात तेव्हा एक गाणं घोळत असे:

शब्द आला दारी, मी दार नाही लावलं,
ज्याचं होतं त्याच्या कानी नेऊन पोचवलं.

एवढंच माझं काम. पण हे काम ताईने मला दिलं, त्यामागे तिची आई होती. स्पीकर बसवणाऱ्या तंत्रज्ञाला तिथे सगळे 'आवाजवाला' म्हणत. मला बसवताना ताई त्याला सांगत होती, ते मी ऐकलं.

"आईला हल्ली टीव्ही कळत नाही रे. आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत. हे नवे टीव्ही मागे तोंड करून भिंतीशी बोलतात. भिंतीवर आपटून जे उरतं, ते तिच्या वाट्याला."

"मग आवाज वाढव की."

"वाढवला की गोंगाट वाढतो, शब्द नाही वाढत. आता तर ती काही म्हणतच नाही. सगळे हसले की हसते. परवा माझी लेक पाणी प्यायला उठली आणि परत येऊन विचारते, आजी, मधे काय झालं गं? तर आई म्हणाली, गंमत झाली बाळा, फार गंमत झाली."

आवाजवाला हसणार होता. त्याने हसू गिळलं आणि माझा स्क्रू आणखी नीट बसवला.

आता त्या खोलीचा रिवाज सांगते. दर सोमवारी टेबलावर नमुना ठेवायचा, वर काळं कापड घालायचं. सगळे जमले की साहेब कापड उचलत आणि एकच प्रश्न विचारत: "आज काय काढलं?" काय केलं असं नाही. काय काढलं! ज्याने काही काढलेलं नसे, तो गृहपाठ न केलेल्या मुलासारखा बुटांकडे बघत उभा राही. म्हणून साहेबांना पाठीमागे सगळे कात्रीसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. टीव्ही म्हणजे भिंतीवरची एक शांत काळी पाटी व्हावी, एवढं एकच वेड त्यांनी घेतलं होतं.

पाय गेले. टीव्हीला उभं राहायचीही मुभा उरली नाही, गळ्यात दोरी बांधल्यासारखा तो भिंतीला लटकला. मग लाल दिवा गेला, डोळ्यांत खुपतो म्हणून. बटणं गेली. कंपनीने स्वतःचं नावसुद्धा खरवडून टाकलं. सोमवारमागून सोमवार गेले आणि शेवटी उरले आम्ही दोघंच, काळा पडदा आणि त्याच्या पायाशी मी.

कात्रीसाहेब मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. "अजून काहीतरी आहे," ते म्हणाले. "ती पट्टी. छान चेहऱ्यावर मिशी काढल्यासारखी वाटते."

मिशी! मित्रांनो, मी टीव्हीचं तोंड, आणि मला मिशी म्हणाले!

"सर, आवाज तिथूनच येतो," ताई म्हणाली.

"मागून येऊ दे. टीव्ही बघायचा असतो, ताई. आवाज काय, येतोच."

येतोच म्हणे! नळाला पाणी येतं तसा!

मग दुसरा नमुना तयार झाला. त्याचे स्पीकर पाठीवर. पुढून गुळगुळीत, कोरा, देखणा आणि निर्बुद्ध. त्याची परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेची गोष्ट ऐकून तुम्हालाही चीड येईल. परीक्षेसाठी तिथे एकच ध्वनिमुद्रण होतं. एक निवेदिका सांगते: "उद्या दुपारनंतर वाऱ्याचा जोर वाढेल. खिडक्या लावून घ्याव्यात." वर्षानुवर्षं तेच. खोलीतल्या प्रत्येकाला ते पाठ. कोणी फाइल शोधतानाही "खिडक्या लावून घ्याव्यात" असं गुणगुणत असे. ते वाजलं. आवाज मागून निघाला, भिंतीवर आदळला, कोपऱ्यात घरंगळला, आणि सगळे माना डोलावत म्हणाले, "वा! शब्दन्‌शब्द कळतोय!"

कळणारच! टीव्ही बंद असता तरी ती बाई त्यांना ऐकू आली असती!

एकट्या ताईने मान डोलावली नाही. "माझ्या आईला हे कळणार नाही," ती म्हणाली.

कात्रीसाहेब न्यायाने वागायला गेले. "ठीक आहे. आईंनाच आणा. त्यांना ऐकू आलं नाही, तर जाळी राहील. आलं, तर काढायची. मग वाद नाही."

आई आल्या. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, हातात रुमाल. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. मागून बोलणारा नमुना त्यांच्यासमोर, आणि मी बाजूच्या टेबलावर, माझ्या जुन्या नमुन्यावर. ध्वनिमुद्रण सुरू झालं. भोवती सगळे उभे, सगळ्यांचे ओठ नकळत हलताहेत, माना डोलताहेत. आईंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं, मग तिच्या साहेबांकडे.

"काय आई, आलं ना ऐकू?" कात्रीसाहेबांनी अदबीने विचारलं.

"हो तर!" आई म्हणाल्या. "अगदी स्पष्ट. आमच्या घरच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे हो."

मी ओरडले. माझ्या प्रत्येक भोकातून ओरडले. पण माझ्यामागचे स्पीकर बंद होते. अरे, एकाने तरी विचारा, टीव्हीतली बाई काय म्हणाली! एकच प्रश्न! ताईने तो विचारायला तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. मग तिने आईच्या मुठीत चुरगळलेला रुमाल पाहिला आणि तोंड मिटलं. भरल्या खोलीत आईला उघडं पाडणं तिला जमलं नाही. म्हणून माझा राग ताईवर नाही. तिने जे राखलं, ते माझ्याहून मोलाचं होतं.

त्याच दिवशी माझे स्क्रू काढले. ताईने मला पिशवीत टाकलं आणि मायलेकी बस थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"आई, खरं सांग. काय म्हणाली ती बाई?"

आई रस्त्याकडे बघत राहिल्या. "मला कुठलं कळायला! नुसतं गुडगुड, गुडगुड."

"मग हो का म्हणालीस?"

"मग काय करू? तुझ्या साहेबांसमोर म्हणू, तुमचा टीव्ही वाईट आहे? ते म्हणाले असते, हिची आई बहिरी, हिचं काय ऐकायचं."

"अगं, त्यासाठीच तर नेलं होतं तुला! तू नाही म्हटलं असतंस तर माझी जाळी राहिली असती!"

"मला कोणी सांगितलं? तू म्हणालीस, चल आई, आमचं ऑफिस बघायला."

खरंच ताईने सांगितलं नव्हतं. आईला वाईट वाटेल म्हणून लेक गप्प राहिली, लेकीची मान खाली जाईल म्हणून आई खोटं बोलली. दोघींनी एकमेकींना जपलं, आणि त्या जपण्याचा फायदा झाला कोणाला? त्या कोऱ्या काळ्या पाटीला!

बस आली आणि गेली. दोघी चढल्या नाहीत. मग आई एकदम म्हणाल्या, "आण तो तुझा फोन. त्यात आवाज भरता येतो ना? मी बोलते."

पुढच्या सोमवारी कापड उचललं गेलं, तेव्हा ताई म्हणाली, "सर, आज एक नवीन ध्वनिमुद्रण लावते. कोणीच ऐकलेलं नाही." तिने ते मागून बोलणाऱ्या नमुन्यावर लावलं. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. हळू, थोडा कापरा. गुडगुड, गुडगुड. सगळे पुढे झुकले. एकाने कानामागे हात धरला. दुसऱ्याला वाटलं पहिल्याला कळलं, म्हणून तो हसला. तो हसला म्हणून तिसरा हसला.

"छान आहे," चौथा म्हणाला. "स्पष्ट आहे."

"काय म्हणाल्या त्या?" ताईने विचारलं.

कात्रीसाहेब म्हणाले, "आवाज वाढवा जरा." वाढवला. गुडगुड मोठी झाली, इतकंच.

मग ताईने मला पिशवीतून काढलं, जुन्या नमुन्यावर माझ्या जागी बसवलं आणि तेच ध्वनिमुद्रण माझ्यामागून सुरू केलं. आवाज तोच, तितकाच हळू. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढी ताठ कधी झाले नव्हते. एकेक शब्द माझ्यातून गेला, आणि एकही सांडू दिला नाही मी:

"साहेब, त्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं. मी लेकीसाठी हो म्हटलं. तुम्ही सगळे कोणासाठी म्हणालात?"

आवाजवाला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कात्रीसाहेब हळूच म्हणाले, "परत लावा." परत लावलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"ताई, आईंना सांगा, त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण नव्या टीव्हीचे साचे कारखान्यात गेलेत. आता काही होणार नाही."

ऐकलंत? बरोबर आहे, पण काही होणार नाही! बरोबर आहे तर परत मागवा ना साचे! लोखंडाचे साचेच ते, वितळतात! पाय काढायला वेळ होता, दिवा काढायला होता, स्वतःचं नाव खरवडायला होता. एका म्हातारीचं ऐकायला तेवढा वेळ नव्हता!

तो टीव्ही बाजारात आला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'फक्त चित्र. बाकी काही नाही.' लोकांनी महाग किंमत मोजून घरी नेला आणि मग तक्रार करू लागले, काय बोलतात कळत नाही हो. तेव्हा कंपनीने काय करावं? एक लांबट पेटी काढली, टीव्हीखाली ठेवायची, वेगळी विकत घ्यायची. आणि त्या पेटीच्या तोंडावर काय होतं? जाळी! माझीच धाकटी बहीण! मला घरातून हाकललं आणि बहिणीला दारात बसवून तिच्या येण्याचे पैसे घेतले. याला साधेपणा म्हणतात म्हणे.

मी मात्र ताईच्या घरी आहे. तिने आणि आवाजवाल्याने मिळून एक लाकडी पेटी केली, दोन स्पीकर पुढे तोंड करून बसवले, वर मला लावलं. पेटी ओबडधोबड आहे, एका बाजूला रंग ओघळलाय. कात्रीसाहेबांनी पाहिली तर डोळे मिटून घेतील. खुशाल मिटोत. काल टीव्हीवर कोणी स्वयंपाक शिकवत होता, तर आई त्याच्याशी भांडत होत्या. "अहो, आधी झाकण ठेवा! करपतंय ते!" जावई काही सांगायला आले, तर त्यांनाच म्हणाल्या, "थांबा हो जरा, मला ऐकू दे."

मित्रांनो, माझ्यावर कधीमधी धूळ बसते. मऊ फडक्याने पुसली तरी पुरे, त्याबद्दल माझं मागणं नाही. मागणं आहे ते तुमच्याकडे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही घडवाल, त्यातून नको ते काढालही. जरूर काढा. पण काढण्याआधी ते कोणाच्या उपयोगाचं आहे, हे त्या माणसाजवळ बसून विचारा. चार लोकांत नको, एकटं गाठून, सावकाश विचारा. आणि त्याने हसून "हो हो, छान आहे" म्हटलं, तरी तेवढ्यावर उठून जाऊ नका.