टेकाडावरची एकेचाळीस झाडं

मी टीव्हीखालच्या कप्प्यातला गेमचा डबा बोलतोय. दुकानात माझं नाव कन्सोल होतं, पण या घरात त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. मुलगा मला 'मशीन' म्हणायचा, त्याचे बाबा 'ते खेळणं' म्हणायचे आणि आई काहीच म्हणायची नाही. ती नुसती समोर येऊन बसायची. मला ती सगळ्यात जवळची वाटायची.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखीच शेकडो भावंडं पट्ट्यावरून सरकत होती. जन्माबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. मुलानं कॉलेजात असताना हट्ट करून मला घरी आणलं. चार वर्षं त्यानं माझ्यात गाड्यांच्या शर्यती लावल्या आणि हरला की कंट्रोलर सोफ्यावर आपटला. मग त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि मी मागे राहिलो. बाबा म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला!" मुलगा जाताना मात्र हेच बाबा जिन्यापर्यंत त्याची बॅग घेऊन गेले होते आणि परत आल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले होते.

आईची नोकरी रुग्णवाहिकेच्या मदतकेंद्रात, फोन घेण्याची. सकाळी सहा ते दुपारी दोन कानाला हेडफोन. पलीकडून कुणी रडतंय, कुणाला घाबरून स्वतःचा पत्ता आठवत नाही, कुणी विचारतंय, श्वास थांबलाय, काय करू? आईनं शांत आवाजात सांगायचं, "घाबरू नका. पत्ता सांगा. आता दोन्ही हात छातीवर ठेवा." गाडी पोचली की तो फोन संपला आणि पुढचा आला. त्या माणसाचं पुढे काय झालं, ते तिला कळायचं नाही. कधीकधी मात्र फोन चालू असतानाच कळायचं.

एका दुपारी माझ्यावरची धूळ पुसताना तिच्या हातून बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर निळा समुद्र आला. मुलानं कधीतरी घेतलेला आणि 'बोअर आहे' म्हणून सोडून दिलेला खेळ होता तो. एक बेट, एक होडी, थोडे मासे, मागे टेकाड. कुणाला हरवायचं नाही आणि कुठे वेळेत पोचायचं नाही. आईनं कंट्रोलर उलटा धरला. आठवडाभर तिची होडी एकाच खडकावर आपटत होती. मी मनातल्या मनात खूप हसलो. मी शर्यतींवर वाढलेला, मला काय ठाऊक!

हळूहळू मला समजायला लागलं. कामावरून आल्यावर ती कंट्रोलर इतका घट्ट धरायची, की त्याचं प्लास्टिक करकरायचं. वीसेक मिनिटांनी पकड सैल व्हायची. खांदे खाली यायचे. शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरायची आणि तिला पत्ता नसायचा. पंचावन्न वर्षांची ही बाई वाळूत शिंपले शोधण्यात इतकी रमायची, की मलाच वाटायचं, पडद्यावरचा वारा हिच्या अंगाला लागतोय.

पहिलं झाड तिनं लावलं तो दिवस मला आठवतो. त्या दिवशी ती कपडे न बदलताच बसली. होडीकडे वळलीसुद्धा नाही. टेकाडावर चढली, खड्डा खणला, रोप लावलं आणि पुटपुटली, "हे त्या आजोबांचं. नातीनं फोन केला होता." मग पाणी घातलं आणि उठून कुकर लावायला गेली.

फोनवरच गेलेल्या प्रत्येक माणसाचं एक झाड. तीन वर्षांत टेकाडावर एकेचाळीस झाडं झाली. हे फक्त तिला ठाऊक होतं आणि मला.

बाबा नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. शब्दकोडं घेऊन ते तिच्या शेजारीच बसायचे. दर थोड्या वेळानं विचारायचे, "संपलं का गं?" ती म्हणायची, "पाचच मिनिटं." कधी म्हणायची, "घ्या ना दुसरा कंट्रोलर, दोघं खेळू." ते म्हणायचे, "मला कुठे जमतंय!" बाबांची बहीण एकदा आली आणि हसली, "वहिनी, या वयात तुम्हीसुद्धा?" आई म्हणाली, "तुम्ही मालिका बघता ना वन्सं, तसं मी माझं बेट बघते."

आईच्या निवृत्तीला महिना उरला, तेव्हा बाबांच्या मनात आलं, की गुपचूप खेळ शिकायचा. शेवटच्या दिवशी ती घरी आली, की ऐटीत म्हणायचं, "दे इकडे दुसरा!" त्यांनी मुलाला फोन लावला, "अरे, ते चालू कसं करतात? आईला बोलू नकोस हं." आई कामावर असताना, सकाळी दहा वाजता, चष्मा लावून ते माझ्यासमोर बसले. मला गंमत वाटली. खरं सांगतो, आनंदसुद्धा झाला.

त्यांनी 'नवा खेळ' दाबलं. मी विचारलं, 'जुना खेळ पुसला जाईल. चालेल?' त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. निष्काळजी माणूस नव्हे तो. वाचून म्हणाले, "जुना म्हणजे पोराच्या गाड्या. आता कोण खेळतंय त्या!" मी परत विचारलं, 'नक्की?'

"हो रे बाबा, हो."

दोनदा विचारायची माझी रीत आहे. तिसऱ्यांदा विचारायची सोय माझ्यात नाही. मी पुसलं. तीन वर्षं पुसायला मला चार सेकंद लागले.

अडीच वाजता आई आली. पडद्यावर रिकामी वाळू आणि उघडं टेकाड. तिनं टेकाडाला एक फेरी मारली. मग म्हणाली, "अहो, याला कुणी हात लावला होता का?" बाबा दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. ते म्हणाले, "नाही बुवा. बिघडलं असेल. जुनं झालंय आता." चोराच्या उलट्या बोंबा! पण मी कुणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आईनं माझी वायर काढली, मला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. आतून मला ऐकू यायचं. शेजारच्या घरात फोन वाजला, की तिच्या हातातलं भांडं थांबायचं. दुपारी डोळा लागला, की ती झोपेत म्हणायची, "घाबरू नका, पत्ता सांगा." जेवताना ती क्षुल्लक गोष्टीवरून बाबांवर ओरडायची. बाबा प्रत्येक गोष्टीची माफी मागायचे, ती एक सोडून.

निवृत्तीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी तीनला, त्यांनी मला बाहेर काढलं. वायर आधी चुकीच्या जागी खुपसली, मग बरोबर. "अगं, हे बिघडलं नव्हतं. मी पुसलं. तुझ्याबरोबर खेळायचं म्हणून शिकत होतो."

"मग मलाच विचारायचं ना," आई म्हणाली. तिनं विचारलं, "टेकाडावर काय होतं, माहितीये तुम्हाला?"

"झाडं होती. बघायचो की."

"कुणाची?"

मग तिनं सांगितलं. सांगताना ती रडली, तेही रडले. "त्यांना तिथे ठेवून मी तुमच्याकडे यायचे," ती म्हणाली. "आता ते सगळे घरात आलेत हो."

"आपण परत लावू. तू सांग, मी लावतो."

बाबांनी आधी एकेचाळीस खड्डे खणले. मग ती सांगत गेली, ते लावत गेले. नातीचे आजोबा. जिन्यावरून पडलेला रंगारी. 'आईला उठवा ना' म्हणणाऱ्या मुलीची आई. एकोणतिसावं झाड लागलं आणि ती थांबली.

"पुढचं आठवत नाही."

"आठवेल. घाई काय आहे?"

"नाही आठवणार. आठवावं लागू नये म्हणूनच तर लावली होती."

आता मी पुन्हा टीव्हीखाली आहे. दुपारी दोघं बसतात. बाबांची होडी त्याच खडकावर आपटते आणि आई कधीकधी हसतेसुद्धा. पण टेकाडावर बारा खड्डे तसेच उघडे आहेत. ते तिनं बुजवू दिलेले नाहीत. ती तिथे जाते, उभी राहते आणि परत येते. मला सांगता आलं असतं, तर एकेक करून सांगितलं असतं. पण माझ्याकडेही ते नाहीत. मीच पुसलेत.

तुमच्या घरात कुणी मोठं माणूस असं मुकाट्यानं खेळत बसलेलं दिसलं, तर एवढं करा. 'संपलं का?' विचारू नका. शेजारी बसा आणि विचारा, "हे झाड कुणाचं?"

या घरात ते कुणी वेळेवर विचारलं नाही, आणि बारा माणसं आता कुठेच नाहीत.