आपल्यातले दिवेकर

लीयाबाईंनी मॉरिस गाडीचं पुढचं दार उघडलं, पदर खोचला, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी ठाण मांडलं आणि मुलीला फर्मावलं,

"तू बस मागे, जेमी. मला डॉक्टरांशी बोलायचंय."

जेमिमा निमूट मागे बसली. समोरच्या आरशात डॉक्टर दिवेकरांचे डोळे दिसत होते. सांगितलंस का, एवढंच ते विचारत होते. तिनं हळूच नकारार्थी मान हलवली. दिवेकरांनी सुस्कारा टाकून गाडी सुरू केली.

सांगायचं होतं ते खरं तर एका वाक्याचं. जेमिमा नागावकर बर्मिंगहॅमच्या इस्पितळात नर्स होती, चंद्रशेखर दिवेकर तिथेच रजिस्ट्रार होते, आणि दोघांना लग्न करायचं होतं. आई मुंबईहून स्टॅनमोरला एफ्राईमकडे, म्हणजे थोरल्या मुलाकडे आली, तेव्हा जेमिमानं फोनवर मोठ्या धीरानं "एक डॉक्टर आहेत, दिवेकर म्हणून" इतकं म्हटलं. त्यावर पलीकडून असा काही आनंदाचा आवाज आला की पुढचं वाक्य घशातच राहिलं. पेणकर, नागावकर, दिवेकर ही कोकणातल्या गावांवरून आलेली बेने इस्राएलांची आडनावं. दिवेकर म्हणजे दिवेआगरचे, म्हणजे आपल्यातलेच! साता समुद्रापार मुलीनं आपला ज्यू मुलगा शोधला, आणि तोही डॉक्टर. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. त्याच दिवेआगरात नारळी-पोफळी राखणारे ब्राह्मण दिवेकरही असतात, हे लीयाबाईंच्या ध्यानात आलं नाही आणि जेमिमानं ते आणून दिलं नाही. चंद्रशेखर या नावानंही त्यांचं काही अडलं नाही. त्यांच्या स्वतःच्या आजोबांचं नाव आबाजी होतं.

जेमिमा खोटं बोलली नव्हती, नुसती गप्प राहिली होती. पण आता गप्प राहणंही जड होत चाललं होतं. आई चार दिवसांसाठी तिच्याकडे बर्मिंगहॅमला आली होती आणि गुरुवारी तिचं परतीचं विमान होतं. आईला दुखवून लग्न करायचं नाही, हे तिनं शेखरला सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं आणि त्यानं ते मानलंही होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते आज, या लिचफील्डच्या सहलीत.

बँक हॉलिडेचा सोमवार होता. आकाश चक्क निळं होतं. चंद्रावर माणूस उतरून महिना-दीड महिना झाला होता, पण लीयाबाईंना नवल वाटत होतं ते शेजारी बसलेल्या माणसाचं.

"जेमी सांगत होती, कँटीनमध्ये तुम्ही मटणाला हात लावत नाही म्हणून."

"हो, म्हणजे, लहानपणापासूनच सवय नाही."

"लहानपणापासून! बघ जेमी, याला म्हणतात नेम. आपल्या रीतीनं कापलेलं, कोशर मटण मिळत नाही तर नकोच. आमचा एफ्राईम इथे येऊन दोन महिने टिकला. आता सॉसेज खातो, आणि मला कळत नाही असं त्याला वाटतं."

मागच्या सीटवर जेमिमाला ठसका लागला. दिवेकरांनी कारण नसताना गिअर बदलला.

लिचफील्डच्या कथीड्रलला तीन कळस आहेत आणि ते गावात शिरण्याआधीच दिसायला लागतात. जवळ गेल्यावर दिसली ती दर्शनी भिंत, तांबूस काळपट दगडाची, ओळीनं मूर्ती उभ्या असलेली. लीयाबाई मान मागे टाकून बघत राहिल्या. मग दाराशी त्यांचा पाय अडखळला.

"आपल्या लोकांनी आत गेलेलं चालतं का हो, डॉक्टर?"

त्या 'आपल्या'नं दिवेकरांचे कान लाल झाले.

"देवाचं घर आहे, मावशी. बघायला काय हरकत?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात!"

आत गारवा होता. दिवेकर गाइडबुकातून कुठला भाग कुणी कधी बांधला ते वाचून दाखवत होते. लीयाबाईंना बिशपांमध्ये रस नव्हता. एवढाले दगड वर चढवले कसे, पडझड झाली तेव्हा पुन्हा बांधायला पैसा कुणी दिला, आणि इतके गवंडी रोज जेवत काय होते, हे त्यांना हवं होतं. गाइडबुकात ते नव्हतं. दिवेकरांनी मग आपल्या मनानं सांगितलं की बहुधा पाव आणि कांदा. लीयाबाईंनी गवंड्यांबद्दल हळहळ व्यक्त केली. जेमिमा दोन पावलं मागून चालत होती आणि दर खांबाशी ठरवत होती, आता पुढच्या खांबाशी सांगायचं.

बाजूच्या भिंतीतल्या एका लहानशा खिडकीपाशी लीयाबाई थबकल्या. काचेत लाल घोडे होते, पेटलेला रथ होता, आणि रथात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा दोन्ही हात उंचावून वर निघाला होता.

"हे कोण, विचारा बरं त्यांना."

काळ्या झग्यातला चर्चचा माणूस जवळच होता. तो हसून म्हणाला, "एलायजा, मॅडम. द प्रॉफेट."

"नबी!" लीयाबाईंनी चटकन पदर डोक्यावरून घेतला. "अगं जेमी, एलियाहू हन्नबी आहेत हे! इथे!"

बेने इस्राएलांच्या घरात काही शुभ व्हायचं तर आधी नबींचं नाव निघतं. नवस बोलायचा तो त्यांना, आणि फेडायचा तो मलिदा करून, म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं ताटात मांडून. अलिबागजवळ खडकावर त्यांच्या रथाच्या चाकांची खूण आहे असं मानतात आणि लोक भक्तीनं तिथे जातात. तेच नबी या परमुलखात, दुसऱ्यांच्या देवळात असे अचानक भेटले, तर लीयाबाई हात जोडणारच. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मध्येच त्यांनी न बघता हात लांबवला, दिवेकरांची बाही धरली आणि त्यांना खिडकीसमोर ओढून उभं केलं.

बाही तशीच धरून मग त्यांनी विचारलं,

"तुम्ही लहानपणी कुठल्या मशिदीत जायचात? जेमी म्हणाली तुम्ही पेणचे, म्हणजे पेणच्याच ना?"

बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणतात, हे दिवेकरांना जेमिमाकडून ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. दिवेकरांनी एकदा जेमिमाकडे पाहिलं.

"मावशी, मी पेणचा आहे, पण मशिदीत कधी गेलो नाही. आमचे दिवेकर वेगळे. आमच्या घरी गणपती बसतो."

लीयाबाईंनी बाही सोडली. एकदा दिवेकरांकडे, एकदा मुलीकडे बघितलं आणि त्या बाहेर चालू लागल्या.

कथीड्रलच्या खालच्या अंगाला तळं आहे. तिथल्या बाकावर त्या डबा शेजारी ठेवून एकट्याच बसल्या. ही दोघं शाळेत बाकावर उभं केल्यासारखी जरा दूर उभी राहिली. जवळ जायचं धाडस कुणालाच होईना. पाण्यात बदकं फिरत होती, पोरं आइस्क्रीम खात पळत होती, आणि जेमिमाला भरल्या उन्हात रडू येत होतं. आई अशीच निघून गेली तर सगळं संपलं, हे तिला पक्कं माहीत होतं.

बऱ्याच वेळानं लीयाबाईंनी मान वळवली.

"उभे काय राहिलात? पुऱ्या गार झाल्यात, आणखी किती गार करायच्या?"

दोघं दोन बाजूंना बसली. लीयाबाईंनी डबा उघडला.

"मटणाचे पॅटिस आहेत, पण हे खात नाहीत म्हणून बटाट्याची भाजी वेगळी केली. नेमाचा मुलगा, म्हटलं!"

"आई, मी सांगणार होते गं."

"कधी? लग्नाच्या मंडपात?"

"चूक माझीही आहे, मावशी," दिवेकर म्हणाले. "मी पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं."

"हवंच होतं. मला राग आलाय. खूप आलाय." त्यांनी एका पुरीत भाजी घालून ती दिवेकरांच्या हातात दिली. "आणि मी तिथे नबींना शब्द देऊन बसले. या मुलाशी माझ्या जेमीचं होऊ दे, मलिदा करीन. आता परत आत जाऊन काय सांगू? चुकून भलत्याच दिवेकरांची बाही धरली?"

जेमिमाला रडता रडता हसू फुटलं.

"हसू नकोस. मी त्याचाच विचार करत बसले होते इथे. मी फसले, पण नबी थोडेच फसतात? त्यांना दिसत होतं की कोण उभा आहे ते. नको असता तर तेव्हाच काहीतरी खूण केली असती." त्यांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "पण सोपं नाही हं हे. एफ्राईम आकांडतांडव करेल. मशिदीतल्या बायका वर्षभर बोलतील."

"चालेल, मावशी."

"तुम्हाला चालेल हो. ऐकायचं मला आहे." मग त्यांना एकदम आठवलं. "आणि तुमच्या आई? त्यांना तरी ठाऊक आहे का?"

दिवेकरांची पुरी तोंडाशी जाता जाता थांबली.

"आहे. म्हणजे, आमचे शशीकाका इथे मेडनहेडला असतात. ते पेणला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर निरोप दिला. नर्स आहे, अलिबागकडच्या नागावकरांची आहे, असा."

"मग?"

"आईला फार आनंद झाला. म्हणाली, नागावकर म्हणजे आपल्यातलेच असणार."

"शेखर!" जेमिमा ओरडलीच. "आणि तू गप्प बसलास?"

दिवेकर बदकांकडे बघत म्हणाले, "तिनं गोत्र विचारलंय."

लीयाबाई हसायला लागल्या. त्यांचं सगळं अंग हलत होतं, डबा मांडीवरून घसरला, पलीकडच्या बाकावरचं गोरं जोडपं वळून बघायला लागलं, तरी त्यांना थांबवेना. मग हळूहळू त्या थांबल्या. पदरानं डोळे पुसले. पेणची ती न पाहिलेली बाई आत्ता काय करत असेल, शेजारणीला काय काय सांगत असेल, हे त्यांना अगदी डोळ्यांसमोर दिसायला लागलं. सकाळी गाडीत बसताना त्या स्वतःही तशाच होत्या.

"काही लिहू नका त्यांना," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मी जातेच आहे. मुंबईहून पेण काही लांब नाही. मी जाऊन येते."

"तुम्ही?" दिवेकर गोंधळले. "पण तुम्ही काय सांगणार, मावशी?"

"आधी दोघी मिळून तुम्हा दोघांना शिव्या देऊ. मग सांगेन सगळं." त्यांनी दुसरी पुरी भरायला घेतली. "मघाशी मी एकटी बसले होते ना इथे. त्यांना हे कळेल तेव्हा शेजारी कुणीतरी असू दे."