कलांद्रिया आणि सोर्साल यांची सोयरीक

कलांद्रियाचा सगळा संसार गिट नावाच्या नव्या व्यवस्थेवर हलवायचा असं बैठकीत ठरलं, तेव्हा मिर्ना सापिओलानंही हात वर केला. पण तो खांद्याच्या वर काही गेला नाही.

कलांद्रिया, नाव एका गाणाऱ्या पक्ष्याचं, म्हणजे गावोगावच्या लोकांनी मिळून चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्रांसाठी बनवलेला कॉम्प्युटरचा प्रोग्राम. गाणी, बातम्या, पावाच्या दुकानाची जाहिरात, सगळं ओळीनं लावून दिलं की तो आपला वाजवत राहतो. फुकट, आणि कोड सगळ्यांसाठी उघडा. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. सुधारावा म्हणजे, मिर्नानं परवानगी दिली तर. कारण कोड ठेवलेला होता कोर्दोबातल्या एका सहकारी संस्थेच्या खोलीत, एकाच सर्व्हरवर. कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली याचा सगळा इतिहास तिथेच, आणि त्याच्या किल्ल्या मिर्नाच्या हातात. ती तांत्रिक शाळेत शिकवायची. तिथली शिस्त तिनं इथेही आणली होती.

गिटवर गेलं की प्रत्येकाच्या घरी पूर्ण कोड आणि पूर्ण इतिहास. किल्ली नावाची गोष्टच उरत नाही. मिर्नाचा हात अडखळला तो तिथे.

हलवाहलवीचं काम अंगावर घेतलं खोर्खेलिना फेरेय्रानं. पोरगी दोन वर्षांपूर्वी प्रकल्पात आली होती आणि तोंडानं फटकळ होती. आठवड्याभरातच ती क्रिओजितोंची, खुसखुशीत छोट्या पावांची पिशवी घेऊन मिर्नाच्या स्वयंपाकघरात हजर झाली.

"मिर्ना, आपला इतिहास दोन हजार सहापासून सुरू होतो. प्रकल्प तर दोन हजार एकच्या डिसेंबरातला ना? मधली वर्षं कुठायत?"

"जळाली. सर्व्हरवर वीज पडली होती. कोड कसाबसा वाचला, इतिहास गेला."

"आणि बॅकअप?"

मिर्नानं माते नावाच्या कडू चहाचा नळीतून एक लांब घोट घेतला. नळी कोरडी वाजेपर्यंत ओढत राहिली.

"बॅकअप ओव्हिदिओ घ्यायचा."

हे नाव त्या स्वयंपाकघरात सात वर्षांत कोणी काढलं नव्हतं. ओव्हिदिओ पाउतासो रोसारिओचा. कोर्दोबात शिकायला आला आणि मिर्नाबरोबर कलांद्रिया उभा करून बसला. देश दिवाळखोरीत निघाला होता, कोणाच्या हाताला काम नव्हतं, आणि हे दोघं एका मोडक्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहीत होते. जीवाभावाचे दोस्त. भांडले ते शांततेवरून.

ओव्हिदिओचं म्हणणं, केंद्रावरून दहा सेकंद आवाज गेला नाही तर प्रोग्रामनं आपणहून गाणं लावावं. मिर्नाचं म्हणणं, गप्प राहायचं की नाही ते बोलणारा माणूस ठरवेल, यंत्रानं मध्ये तोंड घालू नये. त्यानं ते टाकलं, तिनं काढलं. त्यानं पुन्हा टाकलं, तिनं पुन्हा काढलं. शेवटी तिनं त्याची किल्लीच काढून घेतली. त्यानं आपली प्रत उचलली, रोसारिओ गाठलं आणि तिथे त्याच कोडावर 'सोर्साल' या दुसऱ्या एका पक्ष्याच्या नावाचा नवा प्रोग्राम सुरू केला. तेव्हापासून एकमेकांच्या कोडाकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा दोघांचा हट्ट. वीज पडली ती तो गेल्यानंतर काही दिवसांतच.

"म्हणजे त्याच्याकडे ती वर्षं आहेत," खोर्खेलिना म्हणाली.

"असतील."

"मग लाव फोन."

"तू लाव."

"मी? मी तेव्हा शाळेत होते, बाई! भांडलात तुम्ही. फोन तू लावायचा."

मिर्नानं लावला. पलीकडून "बोला" असं ऐकू आलं. ती म्हणाली, "मी मिर्ना," आणि पलीकडून काहीच नाही. नुसता त्याचा श्वास.

"बोल काहीतरी, जाड्या. नाहीतर तुझा सोर्साल गाणं लावेल."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. "हं... हो, लावेल की. लावेल. कशी आहेस, काडीपैलवान?"

काडीपैलवान! हे तिचं त्यानंच ठेवलेलं नाव. तिनं कामाचं भराभर सांगून टाकलं. तो म्हणाला, आहे, सगळं आहे, पहिल्या दिवसापासूनचं. पण असं तारेवरून पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. कोर्दोबा आणि रोसारिओ यांच्या मध्ये बिजा मारिया गाव, तिथे डॉन एल्व्हिओंचं केंद्र. शनिवारी या.

डॉन एल्व्हिओ सत्तरीचे गृहस्थ. त्यांच्या केंद्रावर दोन कॉम्प्युटर शेजारीशेजारी होते, सकाळी एकावर कलांद्रिया, दुपारी दुसऱ्यावर सोर्साल. "दोन्ही पोरं आपलीच," ते म्हणायचे. "एकाला जेवायला वाढून दुसऱ्याला उपाशी कसं ठेवू?"

शनिवारी मिर्ना आणि खोर्खेलिना बसमधून उतरून केंद्रावर पोचल्या तेव्हा ओव्हिदिओ दारातच उभा होता. केस गेले होते, पोट तेवढंच होतं. मिर्नानं गालाला गाल लावला, औपचारिकपणे. त्यानं तिला उचललंच.

"खाली ठेव! कंबर मोडेल तुझी."

"तुझं वजन अजून पिशवीभरच आहे गं."

खोर्खेलिनानं त्याची डिस्क जोडली आणि जुनी वर्षं नव्या घरात उतरवायला घेतली. पडद्यावर एकेक नोंद सरकू लागली. प्रत्येक बदलाखाली त्या वेळी लिहिलेला शेरा. पहिलाच मिर्नाचा होता: 'चालतंय. का चालतंय ते माहीत नाही.' मग ओव्हिदिओचा: 'आता चालत नाही. का ते माहीत आहे. मिर्नाला सांगू नका.'

"सांगू नका?" मिर्ना ओरडली. "मी तीन दिवस डोकं फोडून घेतलं होतं!"

"म्हणूनच म्हटलं ना, सांगू नका!"

दोघं पडद्यावर वाकून वाचत होते आणि लहान मुलांसारखे हसत होते. एका शेऱ्यात फक्त लिहिलं होतं, 'वीज येईपर्यंत थांबलो, तोवर कोंबडी भाजली.' ती कोंबडी कोणी करपवली यावर पुन्हा थोडं भांडण झालं.

मग खोर्खेलिनानं कलांद्रियाची पुढची वर्षं त्या जुन्या बुंध्याला जोडली. सोर्सालची वर्षं तर तिथूनच फुटलेली होती. पडद्यावर एका खोडाच्या दोन फांद्या दिसू लागल्या.

"आता गंमत करू?" ती म्हणाली. "दोन्ही एकत्र आणून बघते. फक्त बघायला हं. नाही जमलं तर तसंच सोडून देऊ."

तिनं बटण दाबलं.

आश्चर्य म्हणजे, बहुतेक सगळं निमूट जुळलं. कुठे याची सुधारणा बसली, कुठे तिची. अडलं एकाच फाइलवर. यंत्रानं दोन्ही बाजू समोरासमोर मांडल्या आणि विचारलं, यातलं कुठलं ठेवू? ती शांततेची फाइल होती.

"अपेक्षाच होती," मिर्ना म्हणाली आणि चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. "खोर्खेलिना, तू नावं उलटी लावलीस."

"नाही लावली. ही कलांद्रियाची बाजू. आवाज बंद पडला की गाणं लावते. ही सोर्सालची. काही झालं तरी गप्प. असंच आहे ना पहिल्यापासून? मला वाटायचं, गाणं लावायचा हट्ट तुझाच होता!"

मिर्ना हळूहळू ओव्हिदिओकडे वळली. ओव्हिदिओ छताकडे बघत होता.

"जाड्या. तू काढून टाकलंस?"

"नदीकाठच्या एका गावात," तो छतालाच सांगू लागला, "म्हातारा कोळी वारला. केंद्रावर त्याच्यासाठी मिनिटभर मौन ठेवलं. बायको शेजारी बसलेली. आणि दहा सेकंदांनी माझ्या सोर्सालनं दणक्यात कुंबियाचं नाचगाणं लावलं."

"अरे देवा. मग?"

"मग काय, बाई हसायलाच लागली. म्हणाली, त्याला आवडलं असतं. पण मी त्याच दिवशी काढलं. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?" मग त्याची नजर खाली आली. "थांब थांब. आणि तू कधी टाकलंस?"

मिर्नाचे कान लाल झाले. "क्रूस देल एखे गावात सिएस्ताच्या, दुपारच्या झोपेच्या वेळी निवेदक खुर्चीतच झोपला. दोन तास केंद्र मुकं. लोकांना वाटलं, सरकार पडलं. सगळे चौकात जमले."

मग ओव्हिदिओ असा हसला की टेबलावरचा थर्मास आडवा झाला. मिर्ना भिंतीला टेकून हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. सात वर्षं दोघांनी अबोला धरला होता आणि दोघंही केव्हाच एकमेकांच्या घरात राहायला गेले होते.

डॉन एल्व्हिओ दारात काटा घेऊन उभे होते, अंगणात मांस भाजत ठेवून आलेले. "मला माहीत होतं," ते शांतपणे म्हणाले. "सकाळचं यंत्र गाणं लावायचं, दुपारचं गप्प बसायचं."

"मग सांगितलं का नाहीत?" दोघं एकदम ओरडले.

"तुम्ही विचारलंत कुठे? मला सोयीचंच होतं. सकाळी मला डुलकी लागते."

शेवटी ठरलं की ते ज्या त्या केंद्रानं ठरवावं. दोन्ही ठेवायचं, वर एक खटका द्यायचा. तो लिहायला ओव्हिदिओ बसला, मिर्ना पाठीमागे उभी राहून चुका काढत होती. लिहून झाल्यावर त्यानं सवयीनं विचारलं, "घालू का आत? परवानगी आहे?"

"मला काय विचारतोस? घाल. आता तुझ्याकडेही सगळं आहे." हे बोलताना आपल्याला अजिबात जड गेलं नाही, याचं मिर्नालाच नवल वाटलं.

"म्हणजे तू मला हाकलूच शकत नाहीस?"

"घरातून हाकलू शकते अजून."

नाव कुठलं ठेवायचं यावर जेवताना वाद पेटला तो पेटलाच. अंगणात धूर, पावावर चोरिसो सॉसेज, आणि टेबलाच्या दोन टोकांवरून दोन पक्ष्यांची वकिली चाललेली. डॉन एल्व्हिओंनी वैतागून मायक्रोफोन अंगणातच आणला, नव्या प्रोग्रामवर केंद्र सुरू केलं आणि दोघांना म्हणाले, "भांडायचंच आहे तर गावासाठी भांडा."

मिर्नानं मायक्रोफोन हातात घेतला. इतकी वर्षं केंद्रांसाठी राबली, पण हवेवर कधी बोलली नव्हती. तरी कलांद्रियाची बाजू तिनं जोरात मांडायला घेतली. एवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक बाई होती, पाठीमागे भांड्यांचा आवाज.

"कोण गं तू? नवीन दिसतेस," बाई म्हणाली. "ते पक्ष्यांचं नंतर बघा. माझ्या नवऱ्याचा वाढदिवस आहे आज, एखादं नाचायचं गाणं लावता का?"

"लावते की," मिर्ना म्हणाली. "नाव काय त्यांचं?"

ओव्हिदिओनं गाणं शोधून ठेवलं होतं. परतीची बस गेली. खोर्खेलिनानं ते सांगितलं तेव्हा अंगणात बाकीचे तिघं नाचत होते, आणि ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही. मग तीही त्यांच्यात जाऊन नाचू लागली.