डबीतलं नाणं

माल्टाच्या बँकेने काढलेलं जवळजवळ प्रत्येक स्मारक नाणं विस्तिनकडे होतं. चांदीची बरीच, सोन्याची मोजकी. एकालाही त्याचं स्वतःचं बोट लागलेलं नव्हतं. नाणं पारदर्शक डबीतून बाहेर काढायचं नाही, बोटाचा ठसा उमटला की चकाकी कायमची गेली, हा त्याचा धर्म. मुलगी रोझान लहानपणी कपाटापाशी नुसती उभी राहिली तरी तो खेकसायचा. चांदी जपली गेली, पोर दुरावली. आता ती बोर्मला गावातल्या माहेरी सणावारी यायची, तेही आईसाठी.

तिच्या लेकीचा, तेयाचा, पहिला वाढदिवस आला. त्या दिवशी कुच्चिया करायचीच. अंडं, जपमाळ, पेन, लाकडी पळी, नाणं असं तबकात समोर मांडायचं. मूल रांगत जाऊन पहिलं जे उचलेल, तसं त्याचं नशीब.

रोझानने फोन केला. "बाबा, तबकात तुमच्याकडचं चांदीचं नाणं हवं. माझ्या वेळी खिशातली चिल्लर टाकली होतीत म्हणे."

"पण तू उचललंस अंडंच ना?"

"विषय बदलू नका. आणणार नसाल तर येऊ नका."

विस्तिनने जहाजाचं चित्र असलेलं नाणं नेलं. डबीसकट. आपण केवढा त्याग केला, असंच त्याला वाटत होतं.

डबी पाहून रोझानचा चेहरा उतरला. "एवढ्याशा हाताचीसुद्धा धास्ती?"

"ह्यांना पुरतानाही डबीतच घालू," तिची आई चेट्टा म्हणाली, "उगाच ठसा नको उमटायला!"

तेया चकाकीकडेच निघाली. सगळे ओरडायला लागले. पण गुळगुळीत डबी तिच्या मुठीत मावेना. धरली की सटकायची. दोनदा सटकली तेव्हा तेया चिडली, तिने पळी उचलली आणि डबीवर हाणली.

"स्वयंपाकीण होणार!" जावई हसत म्हणाला. सगळेच हसले. रोझान मात्र तबक आवरू लागली.

"थांब जरा," विस्तिन म्हणाला. नखाने खरवडून, जोर लावून त्याने डबी उघडली, नाणं मुठीत घेतलं आणि नातीपुढे बसकण मारली. "घे गं, तेया. घे ना."

"आता काय उपयोग, बाबा?" जावई म्हणाला. "पहिलं उचललं तेच खरं."

तेया पळी चोखत होती. विस्तिन तळहात पुढे करून तसाच बसून राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोझानने तबक खाली ठेवलं. त्याच्या हातातलं नाणं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"मला वाटायचं, थंडगार असेल," ती म्हणाली. "गरम आहे की हो."

"माझ्या हातात होतं ना," विस्तिन म्हणाला.